एकाच्या दोन, दोनांच्या चार



दिवाळी झाली की नंदुरबार शहराबाहेरची मोकळी मैदाने लाल दिसू लागतात. बाजारात आलेली ओली लाल मिरची व्यापारी उघड्या जागेवर पातळ थरात पसरून उन्हात वाळवतात. या जागांना आमच्याकडे मिरचीची पथारी म्हणतात. वाऱ्याची झुळूक आली की शेजारच्या रस्त्यावरून जाणाराही शिंकू लागतो!

आता एक साधा प्रश्न. एवढी जागा अडवून मिरची पसरायची कशाला? एकच उंच ढीग घातला असता तर जागा वाचली नसती काय? पण शेतकऱ्याच्या घरातले लहान मूलही याचे उत्तर देईल. ढिगाच्या पोटातली मिरची वाळणार नाही, ती सडेल. पाणी बाहेर पडते ते पृष्ठभागातून. ढीग वाढला की आतला माल भराभर वाढतो, पण हवा लागणारा पृष्ठभाग त्या मानाने वाढत नाही.

मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. तरीही आज पेशींच्या विभाजनावर लिहायला बसलो आहे, त्याला कारण आहे. ते पुढे येईलच. तूर्त या पथारीचा हिशेब मनात ठेवा. आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीला तोच हिशेब सांभाळावा लागतो.

पेशी मोठी का होत नाही?

हत्ती उंदरापेक्षा कितीतरी मोठा असतो. मग हत्तीच्या पेशीही उंदराच्या पेशींपेक्षा तितक्याच मोठ्या असतील काय? नाही. दोघांच्या पेशींच्या आकारात फारसा फरक नसतो. हत्तीच्या शरीरात पेशींची संख्या जास्त असते, इतकेच. बहुतेक पेशींचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आसपास राहतो. असे का बरे?

पेशी म्हणजे एक घन आहे असे समजू. त्याची बाजू १ असेल तर पृष्ठफळ ६ आणि घनफळ १. बाजू २ केली तर पृष्ठफळ २४ होते, पण घनफळ ८ होते. बाजू १० केली तर पृष्ठफळ ६००, घनफळ मात्र १०००! म्हणजे पहिल्या घनात घनफळाच्या एका भागामागे पृष्ठभाग ६ होता, तो शेवटच्या घनात ०.६ उरला. पेशीला अन्न आणि प्राणवायू मिळतो तो तिच्या पृष्ठभागातून, आणि घाण बाहेर जाते तीही तेथूनच. पेशी मोठी झाली की खाणारी तोंडे वाढतात, पण दारे पुरत नाहीत.

दुसरी अडचण अंतराची. पेशीच्या आत प्राणवायूचे रेणू धक्के खात, वाट चुकत पसरतात. याला विसरण म्हणतात. विसरणाचा नियम असा, की अंतर दुप्पट झाले तर वेळ चौपट लागतो. पाण्यात प्राणवायूच्या रेणूला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतके अंतर जायला सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग पुरतो. हेच अंतर एक सेंटिमीटर केले तर ते हजारपट झाले, म्हणून वेळ दहा लाख पट, म्हणजे जवळजवळ ७ तास! एक सेंटिमीटर जाडीची पेशी असती तर तिचा मध्य प्राणवायूची वाट पाहत केव्हाच मेला असता.

कोंबडीच्या अंड्यातील बलक ही एक मोठी पेशी आहे, मग ती कशी जगते, असे एखादा हुशार विद्यार्थी विचारील. त्या पेशीचा बहुतेक भाग म्हणजे साठवून ठेवलेली शिदोरी असते. कामकाज करणारा जिवंत भाग वरच्या एका लहानशा ठिपक्यात असतो. मज्जापेशी लांब असतात, पण त्या दोऱ्यासारख्या बारीक असतात. नियम मोडलेला नाही, त्यातून वाट काढली आहे.

तेव्हा वाढायचे तर पेशीपुढे एकच मार्ग उरतो : एकीच्या दोन होणे.

दुपटीची करामत

तुमचा माझा जन्म एकाच पेशीपासून झाला. तिच्या दोन झाल्या, दोनांच्या चार, चारांच्या आठ. दहाव्या विभाजनानंतर १०२४, विसाव्यानंतर दहा लाखांवर. आणि पंचेचाळिसाव्यानंतर? कागदावर करून पाहा. उत्तर येते सुमारे ३५ लाख कोटी. प्रौढ माणसाच्या शरीरातील पेशींची संख्या साधारण एवढीच आहे. प्रत्यक्षात सर्व पेशी एका तालात विभागत नाहीत, आणि कित्येक पेशी वाटेत मरतात. तरीही एवढा मोठा देह उभा राहायला दुपटीच्या अवघ्या पन्नासेक पायऱ्या पुरतात, ही गोष्ट मौजेची नाही काय?

वाढ थांबली म्हणून विभाजन थांबत नाही. कातडीचा वरचा थर रोज झिजतो, खालून नवा येतो. गुडघा खरचटला तर आठवड्यात भरून निघतो. आणि तांबड्या रक्तपेशींचे तर विचारूच नका. प्रौढ माणसाच्या अंगात त्या सुमारे २५ लाख कोटी असतात आणि प्रत्येकीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. १२० दिवसांचे सेकंद होतात १ कोटी ३ लाख ६८ हजार. भागाकार करा. दर सेकंदाला सुमारे २४ लाख नव्या तांबड्या पेशी तयार झाल्या पाहिजेत! हे वाक्य वाचेपर्यंत तुमच्या हाडांतील मज्जेने कोटभर पेशी तयार केल्या.

यात एक गंमत आहे. तांबडी रक्तपेशी स्वतः विभागू शकत नाही. पक्व होताना ती आपले केंद्रक बाहेर टाकून देते. ती जागा प्राणवायू वाहणाऱ्या हीमोग्लोबिनला मिळते. विभाजन होते ते मज्जेतील तिच्या पूर्वज पेशींचे. ही गोष्ट लक्षात ठेवा; पुढे तिचे काम पडणार आहे.

नक्कल आधी, वाटणी मागून

दोन भावांनी शेत वाटून घेतले की प्रत्येकाला अर्धे मिळते. पेशीला हे परवडत नाही. तिच्या केंद्रकात गुणसूत्रे असतात. त्यांत डीएनए या लांबलचक रेणूच्या रूपाने शरीर कसे घडवायचे याची लेखी माहिती साठवलेली असते. ही माहिती चार रासायनिक अक्षरांत लिहिलेली आहे. माणसाच्या एका पेशीत अशी सुमारे ६०० कोटी अक्षरे आहेत, ४६ गुणसूत्रांत विभागलेली. ग्रंथ मधोमध फाडून दोघांना दिला तर तो कोणाच्याच उपयोगाचा नाही. म्हणून पेशी आधी संपूर्ण ग्रंथाची नक्कल करते आणि मग एकेक प्रत दोघींना देते.

या विभाजनाला सूत्री विभाजन म्हणतात. त्याचे पहिले बारकाईचे वर्णन जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर फ्लेमिंग यांनी केले. त्यांनी सॅलॅमंडर नावाच्या प्राण्याच्या पिलांच्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि १८८२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. रंगामुळे केंद्रकातील धागे उठून दिसत होते. ते जाड होत, रांगेत उभे राहत आणि उभे चिरून दोन बाजूंना जात.

त्याच्या चार अवस्था मानतात. पूर्वावस्थेत गुणसूत्रे गुंडाळली जाऊन आखूड व जाड होतात. प्रत्येकाची नक्कल आधीच झालेली असल्यामुळे ते जोडीने दिसते. दोन्ही प्रती एका ठिकाणी बांधलेल्या असतात. केंद्रकाचे आवरण विरघळते. मध्यावस्थेत ही सर्व जोड-गुणसूत्रे पेशीच्या मध्यावर एका पातळीत येतात आणि दोन्ही ध्रुवांकडून आलेले तर्कुतंतू प्रत्येकाला पकडतात. पश्चावस्थेत बांधणी सुटते आणि दोन प्रती विरुद्ध ध्रुवांकडे ओढल्या जातात. अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवी केंद्रके तयार होतात. मग प्राण्यांची पेशी कमरेत आवळून दुभंगते. वनस्पतींच्या पेशीत मध्ये नवी भिंत उभी राहते.

रस्सीखेचीत दोन्ही बाजूंचे गडी ओढत असतात, तेव्हा दोर ताणलेला राहतो. गुणसूत्राला दोन्ही बाजूंनी सारखा ताण बसला की नाही, याची पेशी चाचपणी करते. एका गुणसूत्राला जरी एकाच बाजूने पकडलेले असेल, तरी बाकीची सर्व थांबतात. सगळे नीट जुळल्याशिवाय इशारत मिळत नाही. या साऱ्या चक्रावर पेशीत कोणाकोणाचा पहारा असतो हे शोधून काढणाऱ्या हार्टवेल, हंट आणि नर्स या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा पहारा सुटून पेशी बेबंद विभागू लागल्या, तर त्या रोगाला आपण कर्करोग म्हणतो.

उसाची टिपरी आणि मिरचीचे बी

शहादा भागातील मुलांनी उसाची लागण पाहिली असेल. उसाचे बी कोणी पेरत नाही. डोळे असलेली कांडी, म्हणजे टिपरी, जमिनीत पुरतात. डोळ्यातील पेशी सूत्री विभाजनाने वाढतात आणि नवा ऊस उभा राहतो. तो हुबेहूब आईसारखा, कारण सगळी नक्कलच. केळीच्या बुडातून फुटणारे मुनवेही तसेच. बागाइतदाराच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे. एक चांगले वाण सापडले की तेच शेतभर. पण एकाला लागलेला रोग सगळ्यांना लागण्याची भीतीही तितकीच.

मिरचीचे तसे नाही. तिला फूल येते, परागकण आणि बीजांड यांचा संयोग होतो आणि त्यातून बी तयार होते. येथे दोन पेशी एकत्र येतात. आता अडचण पाहा. माणसाच्या प्रत्येक पेशीत ४६ गुणसूत्रे. आईकडून ४६ आणि वडिलांकडून ४६ आली तर बाळात ९२ होतील, नातवात १८४! ग्रंथ पिढीगणिक दुप्पट होत जाईल. म्हणून पुनरुत्पादनाच्या पेशी तयार होताना गुणसूत्रे निम्मी करावी लागतात. त्यासाठी निसर्गाने विभाजनाचा दुसरा प्रकार ठेवला आहे. त्याला अर्धसूत्री विभाजन म्हणतात.

आपली ४६ गुणसूत्रे म्हणजे २३ जोड्या होत. प्रत्येक जोडीतील एक आईचे, एक वडिलांचे. अर्धसूत्री विभाजनात नक्कल एकदाच होते, पण वाटणी दोनदा. पहिल्या वाटणीत जोडीदार शेजारी येतात, एकमेकांत काही तुकड्यांची अदलाबदल करतात आणि वेगळे होतात. दुसऱ्या वाटणीत नक्कल केलेल्या प्रती वेगळ्या होतात. अशा तऱ्हेने एका पेशीपासून चार पेशी होतात आणि प्रत्येकीत २३ गुणसूत्रे राहतात. (स्त्रीच्या शरीरात या चारांपैकी एकच मोठे बीजांड बनते, बाकीच्या लहान राहून नष्ट होतात.) गुणसूत्रांची ही चाल आणि आनुवंशिकतेचे नियम यांचा मेळ वॉल्टर सटन या तरुण अमेरिकन विद्यार्थ्याने १९०२-०३ साली घातला. त्याने त्यासाठी नाकतोड्याच्या पेशी अभ्यासल्या होत्या!

आता महत्त्वाचा मुद्दा. जोडीतले कोणते गुणसूत्र कोणत्या बाजूला जाईल, हे ठरलेले नसते. ते नाणेफेकीसारखे असते. २३ जोड्यांच्या २३ नाणेफेकी. एकूण शक्यता किती? २ चा २३ वा घात, म्हणजे ८३ लाख ८८ हजार ६०८. जवळजवळ चौऱ्याऐंशी लक्ष! आपल्या आजीच्या तोंडच्या चौऱ्याऐंशी लक्ष योनींशी याचा काही संबंध नाही, केवळ योगायोग. पण आकडा लक्षात ठेवायला बरा. शिवाय तुकड्यांची अदलाबदल वेगळीच. म्हणून जुळी सोडली तर दोन भावंडे कधी हुबेहूब सारखी होत नाहीत.

एका अक्षराची चूक

आता मी हा लेख का लिहितो आहे ते सांगतो. एकदा वर्गात किरणोत्सार शिकवत होतो. कोणता अणू केव्हा फुटेल हे सांगता येत नाही, आधी काय झाले याची अणूला आठवण नसते, असे मी सांगितले. तास संपल्यावर धडगावकडची एक विद्यार्थिनी थांबली. "सर, डॉक्टरांनी सांगितलं, आमच्या घरी चारातल्या एकाला सिकलसेल होईल. माझ्या मोठ्या भावाला आहे. म्हणजे आम्ही तिघं सुटलो ना?" तिच्या चेहऱ्यावर आशा होती. मला चटकन उत्तर देता आले नाही. त्या रात्री मी जीवशास्त्राची पुस्तके काढून बसलो.

आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. येथे भिल्ल, पावरा, कोकणा, मावची, गावित अशा आदिवासी समाजांची वस्ती मोठी आहे. सातपुड्यातील या भागात सिकलसेल हे नाव घरोघरी ठाऊक आहे. काही समाजांच्या पाहण्यांत दर पाच माणसांत सुमारे एक वाहक आढळला आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी या आजारावर अनेक दशके काम केले; त्यांना २०१९ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. हा आजार फक्त आदिवासींचा आहे असे मात्र नव्हे. विदर्भात तो इतर अनेक समाजांतही आढळतो, आणि आफ्रिका, अरबस्तान व भूमध्य समुद्राच्या आसपासही.

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी पाहिल्याचे प्रसिद्ध केले. निरोगी पेशी गोल, मधे दबलेल्या आणि लवचीक असतात. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की दोष हीमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. कसे दाखवले? विजेच्या साहाय्याने! रुग्णाचे आणि निरोगी माणसाचे हीमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात ठेवले, तर ते वेगवेगळ्या गतीने सरकते, कारण दोहोंवरील विद्युतभार वेगळा असतो. सिकलसेलच्या तपासणीत हे तत्त्व आजही वापरतात. पाहिलेत ना, भौतिकशास्त्राचा मास्तर अगदीच परका नाही!

भार वेगळा का? हीमोग्लोबिनच्या एका साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असते, त्यावर ऋण भार असतो. रुग्णात त्या जागी व्हॅलिन येते, त्यावर भार नसतो. हे १९५६-५७ साली व्हर्नन इन्ग्रॅम यांनी शोधले. आणि हे का होते? अकराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात एकच अक्षर बदललेले असते. कोट्यवधी अक्षरांत एक! हा बदल हजारो वर्षांपूर्वी केव्हातरी नक्कल करताना झाला. पेशीचा नकलनवीस फार इमानी आहे. शंभर कोटी अक्षरांत त्याची एखादी चूक होते. पण एकदा झालेली चूक पुढे तो तितक्याच इमानाने उतरवून घेतो, पिढ्यानपिढ्या.

हे हीमोग्लोबिन प्राणवायू सोडून देते तेव्हा त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दांड्यासारखे होतात. पेशी ताठ होते, विळ्याचा आकार घेते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. मग सांधे, पाठ, छाती यांत असह्य दुखते. अशा पेशी १२० दिवस जगत नाहीत. १० ते २० दिवसांतच फुटतात. आता मघाचा भागाकार आठवा. १५ दिवस धरले तर मज्जेला आठपट वेगाने पेशी तयार करायला हव्यात! ती शर्थ करते, पण पुरी पडत नाही, म्हणून रक्त कमी राहते. विभाजन वाढले की डीएनएची नक्कल वाढते आणि नक्कल करायला फोलिक आम्ल लागते. आरोग्य केंद्रातून या मुलांना जी लहानशी फोलिक आम्लाची गोळी देतात, ती त्या राबणाऱ्या मज्जेची शिदोरी आहे. ती गोळी कंटाळून फेकून देऊ नये, एवढे कळले तरी या लेखाचे काम झाले.

नाण्याला आठवण नसते

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. ज्याच्या जोडीतील एकच जनुक बदललेले आहे, तो वाहक. त्याच्या पेशींत निरोगी हीमोग्लोबिनही पुरेसे असते. तो आजारी नसतो. शेती करतो, शाळेत पळतो, सर्व काही करतो. आई वाहक आणि वडीलही वाहक असतील, तर अर्धसूत्री विभाजनाच्या वेळी दोघांचीही नाणेफेक होते. आईच्या निम्म्या बीजांडांत निरोगी जनुक, निम्म्यांत बदललेले. वडिलांच्या शुक्रपेशींचेही तसेच. दोन नाण्यांच्या चार शक्यता : एका शक्यतेत बाळ पूर्ण निरोगी, दोन शक्यतांत वाहक, एका शक्यतेत आजारी.

म्हणून डॉक्टर म्हणतात "चारात एक". पण याचा अर्थ चार मुलांत मोजून एक असा नाही. प्रत्येक बाळासाठी नाणी नव्याने उडतात. पहिल्या बाळाच्या वेळी काय पडले, हे दुसऱ्या वेळी नाण्याला आठवत नाही. अशा १०० घरांत प्रत्येकी चार मुले असतील, तर सुमारे ३२ घरांत एकही मूल आजारी नसेल आणि ६८ घरांत एक किंवा अधिक असतील. भावाला आजार झाला म्हणून बहिणीचा धोका संपत नाही, आणि वाढतही नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला हे सांगितले. दोन नाणी देऊन वर्गासमोर उडवायला लावली. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे तपासणीच करावी लागेल." तिने आणि तिच्या धाकट्या भावंडांनी तपासणी करून घेतली. निकाल काय आला, तो त्यांचा. मी येथे सांगणार नाही. पण जाताना तिने विचारलेला प्रश्न सांगतो. "गावात म्हणतात, हे आईकडून आलं. आईचीच चूक ना?" नाही. आजारी मुलाला दोन बदललेली जनुके लागतात. एक आईकडून येते, एक वडिलांकडून. चूक तर कोणाचीच नाही. नाणे उडवणाऱ्याला दोष देता येत नाही, आणि येथे तर कोणी जाणूनबुजून नाणे उडवलेलेही नाही.

दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर हा धोका असतो. एक वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मुले वाहक होऊ शकतात, पण आजारी होत नाहीत. म्हणून लग्नाआधी दोघांची तपासणी झालेली बरी. हाती आलेले कार्ड लपवायचे कशाला? वाहक असणे हा रोग नाही आणि डागही नाही.

उलट त्याची एक बाजू उपकाराची आहे. वाहकांना एका घातक प्रकारच्या हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते, असे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली दाखवले. हिवतापाच्या प्रदेशात हे जनुक टिकून का राहिले, हे त्यावरून उलगडते. डासांनी भरलेल्या दऱ्यांत त्याने कितीकांचे पूर्वज वाचवले असतील!

उपायही पुढे सरकत आहेत. भरपूर पाणी, ताप व संसर्गावर लगेच इलाज, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली हायड्रॉक्सियुरिया हे औषध, यांनी दुखण्याचे झटके कमी होतात. हे औषध बाळाच्या जन्माआधीचे हीमोग्लोबिन पुन्हा तयार करायला लावते. त्यात दोष असलेली साखळीच नसते. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता मिळाली. मज्जेतील मूळ पेशी बाहेर काढून त्यांच्या डीएनएमध्ये बदल करतात आणि त्या परत सोडतात. पुढचे काम विभाजनच करते : दुरुस्त केलेल्या पेशीच्या दोन, दोनांच्या चार. आज हा उपचार अतिशय महाग आहे. पण ज्या इमानी नकलनविसाने चूक उतरवली, तोच दुरुस्तीही उतरवून घेतो, ही आशा लहान नव्हे.

करून पाहा

१. बटाट्याचे १ सें.मी. आणि २ सें.मी. बाजूचे दोन घन कापा. मोठ्या घनाएवढेच आठ लहान घनही कापा. दोन्ही गट खाण्याच्या रंगाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, मग मधोमध चिरा. रंग आतपर्यंत कोणात शिरला?

२. एक रुपयाचे नाणे आई, दोन रुपयांचे नाणे वडील. छापा म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे बदललेले. दोन्ही नाणी एकदम १०० वेळा उडवा आणि नोंद ठेवा. दोन्ही काटे किती वेळा पडले? लागोपाठ दोनदा दोन्ही काटे पडले असे कधी झाले काय?

३. पाण्याच्या पेल्यावर कांदा असा ठेवा की बूड पाण्याला टेकेल. दोनतीन दिवसांत मुळे फुटतील. सकाळी मुळांची टोके कापून शिक्षकांच्या मदतीने प्रयोगशाळेत ॲसिटोकार्माइनने रंगवा व सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. कांद्याच्या पेशीत १६ गुणसूत्रे असतात. १०० पेशी मोजा. त्यांपैकी विभागताना दिसणाऱ्या किती? समजा १० दिसल्या. पेशीचे संपूर्ण चक्र २० तासांचे धरले, तर प्रत्यक्ष विभाजनाला त्यांतले किती तास लागत असतील? घड्याळ न लावता वेळ कसा मोजता आला, याचा विचार करा.